थकलेलं दिसण्याची शिकवणी

"भाऊ, जरा अजून थकून बसा ना," असं मी माझ्या थोरल्या मेहुण्यांना म्हणालो, तेव्हा ते कोळशाच्या खदानीतली पहिली पाळी करून, घुग्घुसहून चंद्रपूरपर्यंत कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून, आमच्या घरी नुकतेच टेकले होते. बायकोनं, म्हणजे त्यांच्या धाकट्या बहिणीनं, पाण्याचा तांब्या त्यांच्या हातात दिला होता आणि तो अजून तोंडाला लागायचा होता. मी समोर मांडीवर ड्रॉइंग बोर्ड घेऊन तयार. वाक्य तोंडातून निघून गेलं आणि बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं की तिचंच चित्र काढायला हवं होतं.

भाऊ पाणी प्याले. तांब्या खाली ठेवला. म्हणाले, "सकाळपासून आणखी काय करून राह्यलो, जवाईबुवा?"

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी चंद्रपूरच्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. ड्रॉइंग मास्तर म्हणजे असा शिक्षक, ज्याचा तास गणिताचे सर कधीही मागून घेऊ शकतात. वर्षभर फलकावर सुविचार रंगवायचे, स्नेहसंमेलनाचा पडदा रंगवायचा, कुणी साहेब येणार असले की फाटकापाशी रांगोळी घालायची. मनातल्या मनात मात्र मी मोठा चित्रकार होतो आणि 'माणसाचा थकवा' या विषयावर माझी एक चित्रमालिका व्हायची होती. ती बरीच वर्षं व्हायचीच होती.

थकव्याचं सूत्र मला नागपूरच्या कॉलेजात मिळालं होतं. तिथं आम्हा विद्यार्थ्यांसमोर एक म्हातारा मॉडेल म्हणून बसवत. सर त्याच्याभोवती फिरून सांगायचे: मान खाली, खांदे सैल, कोपरं गुडघ्यांवर, हात मांड्यांच्या मधे लोंबते. निराशा हवी असेल तर बोटं आणखी सैल सोडा. मी या सूत्रानं वह्या भरल्या. माझी सगळी हताश माणसं एस. टी. चुकल्यासारखी दिसत. माणूस हरला आहे असं काही त्यांच्याकडे बघून वाटत नसे. पुढची गाडी केव्हा आहे, एवढंच विचारतील असं वाटे.

भाऊ तर सूत्रातच बसत नव्हते. ते थकले की ताठ बसत. खदानीत छत खाली, तिथं आख्खी पाळी वाकून काढलेली. वर आले की आधी भिंत शोधत, पाठ तिला लावत, पाय लांब करत आणि फोटो स्टुडिओत बसल्यासारखे समोर बघत राहत. त्यात तरुणपणी वैनगंगेपलीकडे, वडशाकडच्या त्यांच्या गावात, झाडीपट्टीच्या नाटकांत त्यांनी राजाची कामं केलेली. मी कागदावर त्यांना उतरवायला गेलो की दरवेळी दरबार भरल्यासारखं चित्र व्हायचं. म्हणून ते वाक्य तोंडून गेलं. कारण सांगितलं, तरी वाक्य मूर्खपणाचंच होतं.

भाऊंना माझ्या या उद्योगाची गंमत वाटे. मी कोळशाच्या कांडीनं चित्र काढतो आणि त्या कांड्या खास नागपूरहून मागवतो, हे कळलं त्या दिवशी ते खोकला लागेपर्यंत हसले.

"कोयसा इकत आणता तुमी? चंद्रपुरात राहून?"

"हा वेगळा असतो, भाऊ. लाकडाचा."

"मले सांगाचं ना. सकाळी नाक शिंकरलं की निघते तेवढा."

बायको हसली नाही. त्यांचा खोकला थांबेपर्यंत ती त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

तो खोकला जुना होता. गुडघे सुजत. खाली बसलेले उठताना भिंत धरावी लागे. पण खरी गोष्ट त्यांनी फक्त वहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, सांगितली होती आणि वहिनींनी माझ्या बायकोला: पाळीला जाताना खदानीच्या तोंडाशी आले की पाय पुढे पडत नाहीत. आजारामुळं नाही. पडत नाहीत, बस. मागच्या माणसानं "चला भाऊ" म्हणत ढकललं की जातात. त्यांना आता खाली उतरायचं नव्हतं. एवढंच मागणं होतं माणसाचं.

खाली न उतरण्याचा रस्ता एकच होता. त्या काळी अशी पद्धत होती, की डॉक्टरांच्या बोर्डानं एखाद्या कामगाराला 'अनफिट' ठरवलं तर त्याला घरी बसवायचं आणि त्याच्या जागी पोराला घ्यायचं. ही पद्धत आता बंद होणार, अशी बातमी दर महिन्याला उठायची आणि दर महिन्याला लोकांची घाई वाढायची. कामगारांच्या वस्तीत 'अनफिट' हा शब्द फार गोड झाला होता. अमक्याचं अनफिट झालं, हे तमक्याच्या पोरीचं लग्न जमलं अशा सुरात सांगत. मेहुण्यांचा मुलगा बी.ए. अर्धवट सोडून पानठेल्यावर उभा असायचा. म्हणजे घर सगळं या एका शब्दावर अडलेलं.

आणि भाऊ एकदा बोर्डापुढं जाऊन परत आलेले. फिट होऊन.

झालं असं, की डॉक्टरनं विचारलं, "कैसे हो?" आणि आमच्याकडच्या माणसाला कुणी मोठ्या माणसानं कसे आहात विचारलं, तर त्याचं उत्तर एकच असतं. भाऊ ताठ उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, "बरं हाय जी." वर अदबीनं विचारलं, "तुमचं कसं हाय?"

डॉक्टर म्हणे हसला आणि त्यानं पुढचं नाव पुकारायला सांगितलं.

वहिनींनी ही गोष्ट आमच्या घरी सांगितली तेव्हा त्यांचा आवाज रडका आणि चिडका असा दोन्ही होता. "रातभर खोकलते. घरात साऱ्यायले गाऱ्हाणं सांगते. अन् डाक्टरच्या पुढे गेले तं म्हणते बरं हाय. बरं हाय तं मंग जा ना खाली."

"तोंडातून निंगून गेलं," भाऊ म्हणाले. "साहेबानं इचारलं, आता त्याले का सांगाव?"

"जे हाय ते सांगाव."

"तसं कोणी सांगते काय?"

आणि तसं खरंच कुणी सांगत नाही.

दुसऱ्या बोर्डाची तारीख लागली आणि त्याआधीच्या एका रविवारी वहिनी भाऊंना घेऊन आमच्याकडे आल्या. चहा व्हायच्या आधीच त्यांनी विषय काढला. "जवाई, तुमी थकेल माणसायचे चित्र काढता ना? मंग यायले थकेल दिसाले शिकवा."

मला वाटलं थट्टा आहे. बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "शिकवा ना. शाळेत तुमाले कोण शिकवू देते? इथी शिकवा."

मग आमच्या बैठकीत ती शिकवणी सुरू झाली. मी आयुष्यात जेवढं शिकवलं त्यात एवढा तयारीचा विद्यार्थी मला दुसरा मिळाला नाही. मी खुर्ची मधे ठेवली. कॉलेजातल्या सरांच्या चालीनं खुर्चीभोवती फिरलो. मान खाली. खांदे सैल. कोपरं गुडघ्यांवर. भाऊ सांगेल तसं करत होते, पण केलं की ते नाटक होत होतं. मान खाली घालायला सांगितली तर त्यांनी ती झटक्यानं घातली. निःश्वास सोडा म्हटलं तर शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असा सोडला. एकदा तर आपणहून कपाळाला उलटा हात लावला.

"हे तं राज्य गेलेल्या राजावानी दिसते," बायको म्हणाली.

"त्याच पार्टाले बक्षीस भेटलं होतं मले," भाऊ म्हणाले आणि खूश झाले.

वहिनी डॉक्टर झाल्या. पाटावर बसून त्यांनी हिंदीत विचारलं, "कैसे हो?" भाऊंनी मान खाली, खांदे सैल, कोपरं गुडघ्यांवर असं सगळं नीट केलं, बोटंसुद्धा सैल सोडली आणि त्या बसल्या जागेवरून म्हणाले, "बरं हाय जी."

आम्ही सगळे हसलो. भाऊसुद्धा हसले आणि त्यांना खोकला लागला. या वेळचा खोकला लांबला. तो संपल्यावर कुणी पुन्हा तालीम घ्यायचं नाव काढलं नाही. वहिनी आणि बायको आत चहा करायला गेल्या. भाऊंना वाटलं शिकवणी संपली.

चहाचा कप बायकोनं त्यांच्यासमोरच्या स्टुलावर ठेवला आणि ती परत आत गेली. मी ड्रॉइंग बोर्ड आवरत होतो. भाऊंनी कपाकडे पाहिलं. हात उचलला नाही. थोडा वेळ नुसतं पाहिलं, एखादं ओझं उचलायचं की राहू द्यायचं असं पाहतात तसं. मग दोन्ही हातांनी कप धरला, पण वर आणला नाही. तोंडच खाली नेलं कपाशी. पाठ कमरेपासून गोल झाली, मानेमागचं हाड वर आलं आणि ते तसेच, कपाला ओठ लावून, न पिता थांबले. डोळे उघडे होते. ते कुठेच बघत नव्हते.

मी कांडी उचलली. सूत्र वगैरे काही आठवलं नाही, सुदैवानं. पाठीची एक रेघ, मानेचं हाड, कपाभोवतीचे ते हात. आयुष्यात एकदा माझ्याकडून असं चित्र झालं, की जे मी काढलं असं मलाच खरं वाटेना. त्या क्षणी मला फार आनंद झाला होता. समोरचा माणूस अशा अवस्थेत आणि मी आनंदात; या धंद्यात हे असंच चालतं.

भाऊंनी चहा संपवला आणि "काय काढलं?" म्हणून हात पुढं केला. मी कागद दिला. त्यांनी तो लांब धरून पाहिला, मग जवळ घेऊन पाहिला. वहिनीही मागून येऊन कागदावर वाकल्या.

शेवटी भाऊ म्हणाले, "हा कायच्यावर बसला?"

मी खुर्ची काढायचीच विसरलो होतो. कागदावर माणूस अधांतरी वाकलेला.

"याले बसाले तरी द्या काही," ते म्हणाले आणि कागद परत केला.

वहिनींनी मात्र तो माझ्या हातातून घेतला. "हेच घेऊन जाचं डाक्टरकडे. तोंडातून काही निंगो का न निंगो, हे दाखवून द्याचं." भाऊ नको म्हणाले. वहिनींनी ऐकलं नाही. बोर्डाच्या दिवशी मी सोबत जायचं आणि चित्र माझ्या पिशवीत असायचं, असं ठरलं. मी सुरळी करून ते पिशवीत घातलं तेव्हा, खोटं कशाला सांगू, एखाद्या प्रदर्शनाला निघाल्यासारखं वाटत होतं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात लांबच लांब बाक होता आणि त्यावर सगळी माणसं मान खाली, खांदे सैल, कोपरं गुडघ्यांवर अशी बसलेली. मी दारातच थबकलो. माझ्या कॉलेजच्या वह्या कुणीतरी त्या व्हरांड्यात ओतल्या होत्या. त्यांच्यात खरे आजारी होते आणि नसलेलेही होते आणि कोण कुठला हे चित्रकाराच्या बापाला ओळखता आलं नसतं. एक जण तपासणी करून पडद्यातून भिंत धरत धरत बाहेर आला. तेवढ्यात फाटकाशी जीप निघताना दिसली आणि तो तिच्यामागे धावत सुटला. बाकावरचे हसले. लगेच आठवण येऊन त्यांनी माना खाली घातल्या.

भाऊंच्या शेजारच्यानं हळूच विचारलं, "कायचं हाय तुमचं?"

"छातीचं."

"माह्यं कमरेचं. कमरेचं लवकर मानत नाई. डोळ्याचं बरं राह्यते."

"डोळे चांगले हायत माह्ये," भाऊ खेदानं म्हणाले.

ज्याची खरी छाती गेली तो आणि ज्याची कंबर शाबूत आहे तो, दोघं एकाच बाकावर एकसारखे वाकून बसले होते. माझ्या आयुष्यभराच्या अभ्यासाचा विषय समोर एवढा पसरला होता आणि मला एकसुद्धा रेघ मारावीशी वाटली नाही.

नाव पुकारलं. भाऊ शिकवल्यासारखे उठले, लगेच नाही, गुडघ्यावर हात ठेवून. पडदा अर्धा उघडाच राहिला होता. मला आतलं दिसत होतं. डॉक्टर तोच होता म्हणे, पण त्या दिवशी त्यालाही झोप झालेली नसावी. त्यानं पाकिटातून एक्स-रे काढला आणि खिडकीच्या उजेडात वर धरला. काळ्या कागदावर पांढऱ्या फासळ्या, आणि त्यांच्या मधे जिथं काळं असायला हवं तिथं भुरकट काहीतरी पसरलेलं. भाऊ त्याच्यासमोर मान खाली, खांदे सैल असे उभे होते. डॉक्टर एक्स-रे पाहत होता. बराच वेळ पाहत होता. एवढ्या लक्षपूर्वक कुणी चित्र पाहताना मी प्रदर्शनातही पाहिलेलं नाही. हळूहळू भाऊंचे खांदे आपोआप वर आले, मान वर आली, आणि कुणी बघत नाही हे कळल्यावर ते नेहमीसारखे ताठ उभे राहिले. डॉक्टरनं एक्स-रे पाकिटात घातला, काहीतरी लिहिलं आणि हातानंच जायची खूण केली.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय म्हणाले?"

"काई नाई."

"कसे आहात म्हणून विचारलं?"

"नाई."

"मग?"

"फोटो देखला. लिवलं." आम्ही फाटकापर्यंत आलो. तिथं ते थांबले. "माह्या तोंडाकडे देखलंच नाई त्यानं, जवाईबुवा. एवढं शिकून गेलो."

माझ्या पिशवीतलं चित्र पिशवीतच होतं. घरी येऊन सुरळी उघडली तर कोळसा सगळा घासला गेलेला. कोळसा पुसू नये म्हणून त्यावर फवारायचं औषध मी मागवायचं मागवायचं म्हणून राहिलं होतं. चेहरा पूर्ण पुसलेला, हात आणि कप एक झालेले. पुसल्यामुळं चित्राला काही वेगळी खोली आली, असं म्हणायचीही सोय नव्हती. नुसतं खराब झालं होतं. मालिकेतलं पहिलं आणि शेवटचं चित्र.

काही दिवसांनी निरोप आला: अनफिट झालं. आम्ही दोघं घुग्घुसला गेलो. घरात लग्नघरासारखी गर्दी. बायका वहिनींना म्हणत होत्या, नशीब काढलं बाई. वहिनी ताटात पेढे घेऊन फिरत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं एवढं समाधान होतं. कुणी म्हणालं, "भाऊ, आता आराम." भाऊ दारापाशी खुर्चीवर, भिंतीला पाठ लावून, ताठ बसलेले. येणाऱ्या प्रत्येकाला हात जोडत होते. पोरगा आतल्या खोलीत बापाचे खदानीतले बूट पायात घालून पाहत होता. ते त्याला घट्ट होत होते. कुणीतरी म्हणालं, तिकडून नवे भेटतात. त्यानं ते काढून परत कोपऱ्यात ठेवले, आणि मग काय करावं न सुचून पुन्हा घातले.

बायकोनं वहिनींना बाजूला घेऊन विचारलं, "फोटोत काय निंगालं दादाच्या?"

"काय असन ते असन," वहिनी म्हणाल्या. "लिवलं ना अनफिट."

"पण असन काय?"

"पाकीट तिकडंच ठेवून घेतलं त्यायनं. तू पेढा घे ना."

बायकोनं पेढा घेतला. तो तिनं खाल्ला नाही, हे मला परत येताना बसमध्ये कळलं. रुमालात गुंडाळलेला होता. मी आपला काहीतरी बोलायचं म्हणून बोलत होतो. म्हटलं, चला, सुटले भाऊ. म्हटलं, पोरगं मार्गी लागलं. म्हटलं, चंद्रपुरात एखाद्या चांगल्या डॉक्टरला दाखवू आता, सवड आहे त्यांना. ती खिडकीतून बाहेर बघत होती. बाहेर ट्रकांची रांग आणि धूळ, त्याशिवाय बघण्यासारखं काही नव्हतं.

वहिनींनी आमच्या शेजाऱ्यांसाठी पेढ्यांचा एक डबा वेगळा दिला होता. घरी पोचल्यावर बायकोनं तो ओट्यावर ठेवला. हातपाय धुतले. मग डबा उचलून माझ्यापुढं धरला.

"शेजारी तुमीच नेऊन द्या," ती म्हणाली. "कायचे पेढे म्हणून इचारतीन. मले सांगता नाई येत."